प्रवाहाच्या अलीकडे

धुलाईखान्यात तिला 'वाफ' म्हणत. हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. राग तिच्या नाकावर असायचा, आणि ती येताना दिसली की मुकादमासकट सगळे वाटेतून बाजूला व्हायचे. घरात मात्र ती थोरली. दोन भावांच्या दोन बायका; ही थोरली, दुसरी धाकटी. दोघी एकाच धुलाईखान्यात कामाला, एकाच घरातल्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहायला, आणि मागच्या अंगाला दोघींत मिळून एक न्हाणीघर. आपणही त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणू.

एरवी दोन जावांना एकमेकींचं तोंड बघणं जिवावर येतं. इथे तोंड बघण्याचाच पगार मिळत होता. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या मोठ्या रुळातून तापून यायच्या आणि दोघी त्यांच्या घड्या घालायच्या. चादर मोठी, एकटीला आवरत नाही. एकीनं दोन टोकं धरायची, समोरचीनं दोन. झटका देऊन ताणायची, दुमडायची, मग चालत चालत एकमेकींपाशी यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे सरकायचं. दिवसाला पाचशे चादरी. भांडण झालं तरी चादर थांबत नाही, त्यामुळे या दोघींचं भांडण कधी दुपारपलीकडे टिकलं नाही.

धाकटीच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अकरा वर्षांपूर्वी रुळात गेलं. तेव्हा दोघी रुळावर होत्या. धाकटीचं लक्ष नव्हतं, हात आत गेला, आणि थोरलीनं झेप घेऊन रूळ थांबवायचा लाल दांडा ओढला म्हणून मनगट तरी वाचलं, असं सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी तर हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. नवी बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिच्यासमोर हात धरायची आणि म्हणायची, "दिसतात ना तीन? ही तीन आमच्या जाऊबाईंची. मी वेंधळी, मी तर सगळाच हात देऊन बसले असते."

अशा वेळी थोरली चादरीचं टोक उगाच पुन्हा पुन्हा जुळवत राहायची.

कारण खरं तसं नव्हतं. रुळाचा एक नियम आहे. डावीकडच्या बाईच्या पायाशी पायपट्टी असते. ती दाबली की रूळ चादर आत ओढतो. उजवीकडची बाई चादरीची कड रुळाच्या तोंडाशी बसवते, हात मागे घेते आणि दोन्ही तळवे दाखवते. तळवे दिसल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. नव्या बाईकडून ही चूक होत नाही, ती घाबरून डोळे फाडून बघत असते. चूक होते ती मुरलेल्या बाईकडून. तिचा पाय तळव्यांवर नाही, तालावर पडायला लागतो. बसव, मागे, दाब. बसव, मागे, दाब.

त्या दिवशी थोरली डावीकडे होती आणि धाकटी हसत हसत सांगत होती, की आठ महिन्यांच्या पोरीला पहिला दात आलाय आणि ती कडकडून चावते. सांगता सांगता तिचा ताल अर्ध्या क्षणानं चुकला. थोरलीच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि कूस रिकामी होती. दाताचं ऐकून तिच्या मनाला पीळ पडला, आणि पाय पडला. तो तालावर पडला की त्या पिळानं पाडला, हे तिचं तिलाही कधी कळलं नाही. लाल दांडा तिनं ओढला, हे मात्र खरं. मुकादमानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिचं लक्ष नव्हतं." तिसऱ्या दिवशी दवाखान्यात धाकटीला नीट शुद्ध आली. तिला त्या क्षणाचं काहीच आठवत नव्हतं. तिनं विचारलं, "माझंच लक्ष नव्हतं का हो, जाऊबाई?"

थोरली म्हणाली, "हो."

एवढंच. एका अक्षराचं पाप. पण त्याला पुढे फांद्या फुटल्या. धाकटीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. जखम भरली, तीन बोटांनी ती सगळं करायला शिकली, पण पोरीला पाण्याशी न्यायचं म्हटलं की ती हात मागे घ्यायची. "माझ्याकडे नका देऊ. माझा काय भरवसा? हातून निसटायची." मग थोरलीनं पदर खोचला. पोरीला न्हाऊ घालणं, अंग पुसणं, केस विंचरणं, पुढे दोन वेण्या, दर शनिवारी डोक्यावरून अंघोळ, सगळं थोरलीकडे. पोरगी तिला मोठी आई म्हणायला लागली. दोन बोटं गेली धाकटीची आणि पोरगी मिळाली थोरलीला. असा हा हिशोब होता, आणि तो फक्त एकीला माहीत होता.

आता माणसानं असलं काही पोटात ठेवलं की ते कुठून तरी बाहेर येतंच. थोरलीचं ते रागातून यायचं. शेवटी रक्तदाब इतका चढला की डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण बाई, डोकं थंड ठेवायला शिका. तिच्या नवऱ्याला, म्हणजे पेंटरला, हे ऐकून इतका आनंद झाला की त्यानंच कुठून तरी पत्ता काढून आणला. टायरच्या दुकानावर एक खोली होती. तिथे दर रविवारी सकाळी एक भन्ते ध्यान शिकवायचे आणि नंतर थोडं बोलायचे. अंगकाठी किडकिडीत, कायम सर्दी. बोलणं साधं.

पहिल्या रविवारी ते म्हणाले, "पृथग्जन म्हणजे साधा माणूस. म्हणजे आपण सगळे. आपल्याला वाटतं आपण चालतोय. आपण ओढले जातोय. रागानं, हावेनं, आणि सगळ्यात जास्त 'मी मी'नं." मग त्यांनी सांगितलं, की माणसाच्या पायात दहा बेड्या असतात. त्यातल्या पहिल्या तीन तुटल्या की माणूस प्रवाहात उतरतो. मग तो मागे फिरत नाही. आज ना उद्या पुरता जागा होतोच.

समोर एक निवृत्त पोस्टमन बसायचा. तो म्हणाला, "म्हणजे पत्ता बरोबर आहे. टपाल उशिरा पोहोचेल, पण परत येणार नाही." भन्ते हसले आणि शिंकले.

थोरली जात राहिली. एक वर्ष, दोन वर्षं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं पेंटर म्हणायचा, पण पीळ खरंच सैल होत गेला. एके दिवशी सकाळी घडीच्या टेबलापाशी एक नवल झालं. चादर ताणलेली होती, चार टोकं होती, चार हात होते, आणि त्यात 'मी' म्हणावं असं काही सापडेना. चांगल्या वीसेक चादरी असं चाललं. त्यानंतर सहा महिने तिला राग आला नाही. मुकादमानं दुसऱ्याच्या चुकीवरून तिला फाडफाड बोलून घेतलं, तरी आला नाही. मुकादमच घाबरला.

भन्तेंना तिनं हे पोस्टमनच्या देखत सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. "बघत राहा," एवढंच म्हणाले. पण पोस्टमनच्या पोटात पत्र राहील तर शपथ. त्यानं पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांना सांगितलं, "पोहोचल्या बाई." धुलाईखान्यातही कळलं. 'वाफ' हे नाव मागे पडलं. बायका आपापली भांडणं तिच्याकडे आणायला लागल्या. धाकटी तर हरखून गेली. "मी सांगत होते ना, आमच्या जाऊबाई साध्या नाहीत. अकरा वर्षांपूर्वीच ओळखायला हवं होतं."

थोरलीला हे आवडत होतं. आपल्याला काही आवडत-नावडत नाही, अशी तिची समजूत होती, पण आवडत होतं. आणि अकरा वर्षांपूर्वीची ती गोष्ट? तिलाही तिनं जागा करून दिली होती. ते त्या जुन्या बाईनं केलं. ती बाई आता उरलीच नाही, मग कोण कुणाला काय सांगणार? असं सोयीचं शहाणपण माणसाला फार लवकर येतं.

मग तो रविवार आला. प्रवाहात उतरलेला माणूस ओळखायचा कसा, असं पोस्टमननं विचारलं. विचारताना तो थोरलीकडे बघून हसत होता.

भन्ते म्हणाले, "तो चुकतच नाही, असं नाही. त्याच्या हातून अजून चुका होतात. पण एक गोष्ट त्याला जमत नाही. केलेली चूक त्याला लपवता येत नाही."

थोरलीच्या अंगावरून गार पाणी ओतल्यासारखं झालं. बाकीचे पाय चोळत उठले, चटया गुंडाळल्या, जिना उतरून गेले. ती बसून राहिली. आपण कुठे पोहोचलो नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. सहा महिने ती काठावर उभी राहून पाय ओले झाले असं समजत होती.

पुढचे दिवस वाईट गेले. सांगितलं तर धाकटी जाणार, आणि पोरगी जाणार. नाही सांगितलं तर मरेपर्यंत असंच, लोकांच्या नमस्कारांखाली चेपत. इकडे आड, तिकडे विहीर. सोमवारी तिनं घडी घालताना तोंड उघडलं, तर धाकटी म्हणाली, "जाऊबाई, तोंड उतरलंय तुमचं. माझ्या वाट्याच्या उशांच्या खोळीही तुम्हीच केल्यात परवा. पुरे करा आता माझं." तोंड मिटलं. मंगळवारी पोरीनं शाळेतून येऊन तिच्या गळ्यात हात टाकले. बुधवारी तिनं पेंटरला सगळं सांगितलं. तो बराच वेळ ब्रश घासत राहिला.

"मला वाटलंच होतं तसं काहीतरी," तो म्हणाला. "पण आता मढी उकरून काय मिळणार? पोरगी वाढली, हात बरा झाला. गप बस."

"गपच बसलेय अकरा वर्षं."

"मग आता तर सवय झाली असेल."

त्याचा विनोद त्यालाच आवडला नाही. तो उठून बाहेर गेला.

गुरुवारी कामावरून ती परस्पर टायरच्या दुकानावर गेली. भन्ते नाकाला रुमाल लावून जिना झाडत होते. तिनं तिथेच, पायरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मग विचारलं, "भन्ते, आता तुम्हाला सांगितलं. लपवलेलं तर नाही ना राहिलं? चालेल ना एवढं?"

आता हा प्रश्न ऐकून तुम्ही हसाल. पण ज्याचा गळा आवळला गेलाय त्याला विचारा, कसली कसली फट दार वाटते ते.

भन्ते म्हणाले, "बाई, ते तिचं आहे. मी ठेवून घेऊन काय करू?"

"ती मला सोडून जाईल. पोरगी नेईल."

"हो, तसं होऊ शकतं."

"आणि मी मोकळी होईन?"

भन्तेंनी झाडू बाजूला ठेवला. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. तिला त्यांचा फार राग आला. सहा महिन्यांतला पहिला राग. घरी येईपर्यंत तो उतरला नाही.

शनिवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर, हॉटेलच्या चादरींचा गठ्ठा आला. अडीचशे होत्या. रुळाचा आवाज चालू होता, त्यामुळे बोलायचं ते जवळ आल्यावरच. चौथी की पाचवी चादर असेल. टोकाला टोक लावताना थोरली म्हणाली, "त्या दिवशी तुझं लक्ष होतं."

"कुठल्या दिवशी?" धाकटी मागे सरकली. चादर ताणली, दुमडली, परत आली.

"हात गेला त्या दिवशी. तू तळवे दाखवले नव्हतेस. मी बघितलं नाही. पाय माझा पडला."

धाकटी हसली. जाऊबाई काहीतरी ध्यानाबिनातलं बोलताहेत, असं तिला वाटलं असावं. मग तिनं थोरलीचा चेहरा बघितला. दोघींच्या हातात एकच टोक होतं आणि कुणीच सोडेना. पलीकडून मुकादम ओरडला, "काय झालं? झोपलात काय?" धाकटीनं टोक घेतलं. मागे सरकली. चादर ताणली.

पुढची चादर. "मी दवाखान्यात विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही हो म्हणालात."

"हो."

पुढची. "मुद्दाम केलंत?"

"पायाचं मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही. खोटं मुद्दाम बोलले."

पुढच्या वीस-पंचवीस चादरी धाकटीनं नुसत्या झटकून ताणल्या. चादर एकटीला आवरत नाही, म्हणून जाताही येईना. जवळ यायचं, मागे जायचं, पुन्हा जवळ यायचं. प्रत्येक वेळी तिचे डोळे थोरलीच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब. थोरलीला वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल. धोंडा तिथेच होता. उलट आता तो दोघींच्या मध्ये होता आणि दोघींना दिसत होता.

"आज का सांगितलंत?" धाकटीनं विचारलं.

इथे थोरलीला खोटं बोलता आलं असतं. तुझ्यासाठी, असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "भन्ते म्हणाले, जागा झालेल्या माणसाला लपवता येत नाही. मला... मला तसं व्हायचं होतं."

धाकटी थांबली. रूळ चादरी ओकत होता, खाली ढीग साचत होता.

"म्हणजे तेव्हाही तुमच्यासाठीच, आणि आताही तुमच्यासाठीच," ती म्हणाली. "आणि मी? मी अकरा वर्षं माझ्या पोरीला हात लावायला घाबरले. ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवायलासुद्धा तुम्हाला हाक मारली. माझे हात बरे होते, जाऊबाई. माझे हात पहिल्यापासून बरे होते."

 माफी हा शब्द थोरलीच्या तोंडाशी आला आणि तिला त्याची लाज वाटली. तोही आपल्याचसाठी आहे, हे तिला दिसलं. ती टोकं धरून उभी राहिली. उरलेल्या दोनशे चादरींच्या घड्या दोघींनी घातल्या. एकही घडी वाकडी पडली नाही.

घरी दोघी वेगवेगळ्या वाटेनं आल्या. थोरलीनं दिवा लावला नाही. पेंटर उंबऱ्यात बसून ब्रशांना चिकटलेला रंग खरवडत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि समजायचं ते समजला. पलीकडच्या खोलीत भांड्यांचा आवाज झाला, मग दार वाजलं, मग न्हाणीघरात बादली ठेवल्याचं ऐकू आलं. भिंत पातळ. सगळं ऐकू यायचं.

"आई, तू?" पोरीचा आवाज. "मोठी आई कुठेय?"

"बस खाली," धाकटी म्हणाली.

"तुला येतं का?"

 पाण्याचा तांब्या बादलीच्या काठावर आपटला, एकदा, दोनदा.  मग पाणी पडल्याचा आवाज आणि पोरगी किंचाळली, "गरम आहे! आई, गरम आहे गं!" थोरली उठली. तिला माहीत होतं, पोरीला पाणी कोमट लागतं. डोळे मिटून मान मागे करायची असते, पुढे नाही. कानामागे हळू चोळायचं असतं. हे सगळं तिला माहीत होतं आणि त्या दुसरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती दारापर्यंत गेली.

"डोळ्यात गेलं! मोठी आई! ए मोठी आई!"

थोरलीचा हात कडीवर होता.  भन्ते, प्रवाह, बेड्या, यातलं काहीसुद्धा तिच्या मनात नव्हतं. पोरगी रडत होती आणि तिला आत जायचं होतं, एवढंच होतं. भिंतीपलीकडे धाकटीचा आवाज आला, तोही रडवेला, "थांब, थांब गं, पुसते. ये इकडे. माझ्याकडे बघ."

"मोठी आई!"

पेंटरला राहवलं नाही. "अगं, पोरगी हाका मारतेय. जा की!"

थोरलीनं कडीवरचा हात काढला. दोन पावलं मागे आली आणि भिंतीशी खाली बसली.

"तिची आई आहे तिथे," ती म्हणाली.